चौघींचे खांदे

बकुळाने सुंभाचा शेवटचा फेरा आवळला, गाठ मारली आणि खुर्ची गदागदा हलवून पाहिली. प्लास्टिकच्या खुर्चीच्या दोन्ही अंगांना दोन बांबू बांधले होते. ओटीवर भिंतीला टेकून बसलेला आनंदा ते सगळं मान तिरकी करून बघत होता. आंबे काढताना झाडावरून पडला, तेव्हापासून त्याचं कमरेखालचं अंग गेलं होतं.

"मरायच्या आधीच खांदेकरी मिळतायत," तो म्हणाला. "नशीब लागतं त्याला."

"तोंड आवरा जरा. माणसं आलीत दारात."

दारात तिघी उभ्या होत्या. शेजारची सखू, पलीकडची मनिषा आणि वाडीच्या टोकाची दीपाली. वाडीतले खांदा देण्याजोगे पुरुष सगळे मुंबईला. गणपतीला यायचे आणि गौरी गेल्या की जायचे. वाडीच्या डोक्यावरच्या सड्याला, त्या कातळाच्या माळाला, गेल्या पावसात भेग पडली, तेव्हा तालुक्याहून साहेब येऊन बघून गेले. भोंगा वाजला की सामानाची पिशवी उचलायची आणि खालच्या शाळेत यायचं, माघारी वळायचं नाही, असं त्यांनी समजावलं. आज त्याचा सराव होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुढे घाला म्हणाले होते. आनंदाला कसा न्यायचा, ते या चौघींनी आपसातच ठरवलं.

पंचायतीच्या रघूने भोंगा दिला. चौघींनी बांबूखाली खांदे घातले. पहिल्या उतारापर्यंत आनंदा हसत होता, नवरदेव निघालाय, वाजंत्री कुठाय म्हणत होता. मग पऱ्या आला. ओढ्यात पाणी नव्हतं, पण दगड गुळगुळीत होते. दीपालीचा पाय सटकला आणि ती गुडघ्यावर आपटली, तरी खांदा तिने काढला नाही. खुर्ची कलली. आनंदाने बांबू घट्ट धरला. त्याचं हसू तिथंच थांबलं.

"लागलं काय गो?"

"नाय काका. तुमी नीट बसा."

त्याने मागे वळून पाहिलं. दीपालीची सासू नातवाला काखेत मारून, काठी टेकत, एकेक पाऊल जपून उतरत होती. पोर आईकडे हात करून रडत होतं. शाळा येईपर्यंत आनंदा परत परत मागेच बघत होता. सगळी वाडी कधीच येऊन व्हरांड्यात बसली होती. सर्वांत शेवटी पोचले ते हेच.

दोन-चार दिवसांनी बकुळा शेतावरून आली, तर आनंदा फोनवर मुलीशी बोलत होता. अक्षया नालासोपाऱ्याला राहायची. नवरा, दोन पोरं आणि खोली एवढीशी.

"जावयांना विचार," तो सांगत होता. "पावसापुरता येतो. गॅलरीत टाकलंस तरी चालेल."

बकुळाने डोक्यावरचा भारा खाली टाकला. लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा संकोचणारा हा माणूस. लग्न झाल्यापासून जावयाच्या दारात एकदाही मुक्काम केला नव्हता त्याने.

"माझ्याशी एका शब्दानं बोलला नायत."

"तूपण चल."

"आणि म्हशीचं काय? लावणी कोण करणार?"

तिला वाटलं, आता म्हणेल, बरं, मग मीपण राहतो. तो म्हणाला नाही. नुसता सड्याकडे बघत राहिला.

अक्षया न्यायला गाडी घेऊन आली त्या दिवशी सखूच म्हणाली, "बाप्ये असेच गे. भीती वाटली की आधी आपला जीव." गाडीत बसवताना आनंदाने बकुळाचा हात क्षणभर धरून ठेवला. तिने तो सोडवून घेतला आणि त्याची औषधं मुलीच्या हातात दिली. पुढे फोन यायचे. ती जेवलात काय एवढं विचारायची आणि ठेवून द्यायची.

आषाढात पावसाने तोंड काढू दिलं नाही. एका सकाळी बकुळा चुलीपुढे होती, तेव्हा भोंगा वाजला. तिने म्हशीचं दावं सोडलं, पिशवी घेतली. दारात येते तर मनिषा आणि सखू पावसात उभ्या. दीपालीही धावत येत होती. सवयीने आल्या होत्या. चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अगो, काका नायत," दीपाली म्हणाली, आणि तशीच माघारी पळाली. सासूकडून पोर घेऊन तिने पाठीशी बांधलं, म्हातारीचा दंड धरला. सगळ्या झपझप उतरल्या. पऱ्या फुगला होता, पण हात मोकळे होते. एकमेकींना धरून पार झाल्या.

शाळेत येऊन डोकी पुसतात न पुसतात, तोच वर काहीतरी घरंगळल्यासारखं झालं. फार मोठा आवाज नव्हता. पाऊस थोडा उघडला तेव्हा रघू बाहेर जाऊन बघून आला आणि दारातच थांबला. बायका त्याच्या मागून पुढे झाल्या. बकुळाचं आणि सखूचं घर होतं तिथं लाल माती होती. ती तशीच खाली घसरत पऱ्यावर आली होती. ओलांडायची जागा उरली नव्हती.

"खुर्ची घेऊन आपण आता तिथंच..." सखू बोलायला लागली. तिने पदर तोंडाशी नेला. दीपालीने पोराला पाठीवरून सोडून मांडीवर घेतलं आणि त्याचं डोकं पुसत राहिली, ते कोरडं झालं तरी. बकुळा भिंतीला टेकून खाली बसली.

दुपारी रेंज आली आणि लगेच फोन वाजला.

"बकुळे?"

"बोला."

"सखू?"

"हाय. बाजूलाच."

"मनिषा? दीपाली? तिचं पोर?"

"सगळी हायत. म्हैसपण खाली आली."

त्याच्या मागे टीव्हीवरची बाई भरभर बोलत होती. तिच्या तोंडी वाडीचं नाव आलेलं बकुळाला स्पष्ट ऐकू आलं. मग कुणीतरी टीव्ही बंद केला.

"घर?" आनंदाने विचारलं.

बकुळाने दाराबाहेर पाहिलं. पाऊस पुन्हा धरला होता.

"दार ओढून आलेय," ती म्हणाली.

"बरं केलंस," आनंदा म्हणाला. "नायतर ओटी भिजली असती."