बोंडल्यातलं दूध

“आडवं नका घेऊ तिले,” सुभद्रा दारातूनच म्हणाली. बाळाला पायांवर उताणं घालून बोंडल्याची चोच त्याच्या तोंडाशी नेणाऱ्या बाईने वर पाहिलं. त्या पार्बताबाई होत्या, सुभद्रेच्या थोरल्या जाऊबाई.

साल एकसष्ट. अकोल्याच्या एका दवाखान्यात सुभद्रा आया होती. दहा वर्षांपूर्वी चांदूर बाजारला तिला मुलगी झाली, तीही अशीच. ओठ दुभंगलेला, टाळूला भेग. अंगावर ओढता येईना. पार्बताबाईंनी तिला अशीच उताणी घालून बोंडल्याने पाजलं. दूध नाकातून आलं, छातीत गेलं, आणि अकराव्या दिवशी पोर गेली. पोटुशी असताना सुभद्रेने ग्रहणात वांगं चिरलं, म्हणून पोरीचा ओठ चिरला, असं जाऊबाईंनी देवळात सांगितलं. तेव्हापासून कीर्तनाला ती सभामंडपाबाहेर बसू लागली. बुवा क्षमेवर इतकं गोड निरूपण करीत की तिचे डोळे भरून येत. आणि डोळे पुसून ती विठोबाकडे एकच मागे, ही बाई एकदा माझ्या दारी येऊ दे.

विठोबाने आणली होती. नातीसकट.

सुभद्रेने घाई केली नाही. बाळाचं तोंड न्याहाळून साळसूदपणे विचारलं, “गिऱ्हाणात काय चिरलं हो सूनबाईनं?”

खाटेवरची बाळंतीण, वच्छला, रडू लागली. आपण कशालाच हात लावला नाही, दिवसभर निजून होतो, असं परत परत सांगू लागली. पार्बताबाईही सुनेच्याच बाजूने बोलल्या.

“म्या सोता पहारा देला, सुभद्रे. विळी माह्या खाटेखाली होती.”

“मंग असं काहून झालं?”

पार्बताबाईंनी हातातलं बोंडलं खाली ठेवलं.

सुभद्रेने बाळ उचलून वच्छलेच्या छातीशी उभं टेकवलं. बोंडल्यातलं दूध चमच्यात घेऊन गालाच्या बाजूने, थेंब थेंब. गिळलं की दुसरा. मधेच खांद्यावर घेऊन ढेकर. दूध नाकाशी आलं नाही. पार्बताबाईंनी हात पुढे केले.

“तुमी नाई,” म्हणत सुभद्रेने चमचा वच्छलेच्या हाती दिला. “माही पोरगी गिऱ्हाणानं नाई गेली, बाई. तुमच्या हातानं गेली. उताणी घालून पाजली तुमी. इथं शिकली तवा समजलं मले.”

पार्बताबाईंनी पुढे केलेले हात मागे घेतले. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, तुझ्या पोरीचं नाव काय ठेवणार होतीस.

नाव ठरलेलं होतं. पण ते या बाईच्या तोंडी जाऊ द्यायची सुभद्रेची तयारी नव्हती.

“चमचा जरा तिरपा धर, पोरी,” ती वच्छलेला म्हणाली.