पोटाशी धरलेले तास

मी बोलतोय. खरं तर 'बोलतोय' म्हणू की 'बोलतेय', ते मलाच ठाऊक नाही. कोंबडा होणार होतो की कोंबडी, हे दिसायच्या आतच माझा कारभार आटोपला. तेव्हा तुम्ही आपलं नुसतं पिलू म्हणा. वर्ध्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, दोन काचांच्या मध्ये गुलाबी रंगात निजलेलं पिलू. लांबी म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढी.

इथे झोप फार छान लागते आणि स्वप्नंही पडतात. स्वप्नात सगळं पिवळं, कोमट असतं. मी अजून कुणीच नसतो, बलकावरचा एक पांढुरका ठिपका असतो. मग पेशी एकमेकींना हळूच विचारतात, "तू काय होणार गं?" कुणी म्हणते पाठ, कुणी म्हणते डोळा. दोन बारीक नळ्या दोन्हीकडून सरकत येतात, मधोमध चिकटतात, आणि त्यांचं हृदय होतं. त्यांना हे कोण शिकवतं, कुणास ठाऊक!

मी गिरडजवळच्या एका खेड्यातला, पंचफुलाबाईंच्या अंगणातला. त्यांची लेक रीना इथे कॉलेजात संशोधन करायची. जन्मतःच कुणाच्या हृदयाला भोक का राहतं, हे शोधायचं तर हृदय मुळात सुरू कसं होतं ते आधी पाहावं लागतं. ते ती गावरान अंड्यांत पाहणार होती. पण बाईसाहेबांनी घाईत काय केलं? कोपऱ्यावरच्या दुकानातून तीस अंड्यांचा ट्रे आणला आणि उबवणीच्या यंत्रात ठेवला. चार दिवसांनी पाहते तर नुसता बलक!

फोनवर पंचफुलाबाई हसून हसून बेजार. "अवं पोरी, कोंबड्याबिगर अंड्यात पिलू येते काय? एवढी शिकली अन् हे बी नाई समजलं तुले?"

"हास तू," रीना म्हणाली. "आता आपल्या घरची बारा अंडी आन. पन थंडी ठेवजो बरं. ओल्या फडक्यात गुंडाळजो."

त्यात अर्थ होता. गारव्यात आम्ही झोपून असतो. यंत्रातली ऊब लागली की आमचं घड्याळ सुरू होतं आणि रीनाला तिथून तास मोजता येतात.

पंचफुलाबाई "हाव" म्हणाल्या, फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. "बाप्पा! लेकराले कोनी थंडं ठेवते काय?"

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही बाराजण अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली. दुपारी तिथून उचललं ते थेट पदरात. एसटीत तीन तास त्यांनी आम्हाला पोटाशी धरलं होतं. गाडी उसळली की त्या आधी आम्हाला सावरायच्या, मग स्वतःला. काय ती ऊब! कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर मात्र लेक रागावेल म्हणून नळावर फडकं भिजवून घेतलं. मीही गप्प बसलो. अंड्याला कोण विचारतो?

आम्ही यंत्रात गेलो. पंचविसाव्या तासाला रीनाने माझ्या कवचाला छोटी खिडकी पाडली, सूक्ष्मदर्शकात डोकावली आणि ओरडली, "सर, धडकतंय!"

तिचे मार्गदर्शक धनंजय सर धावत आले. "अरे! पुस्तकात तर तेहतिसाच्या पुढे आहे. आपलं गावरान पिलू इतकं पुढे?" मला रंगवून काचेवर निजवलं, उरलेली अंडी उघडली, तीही तशीच. सर नुसते नाचायचे बाकी होते. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत एक जागा होती. शनिवारपर्यंत चांगलं काम पाठवलं तर ती रीनालाच मिळेल, असं ते म्हणाले. रीनाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी अजून विसरलो नाही.

शुक्रवारी पंचफुलाबाई भाकरी-ठेचा घेऊन आल्या. "आई, तुह्या अंड्यायनं नाव काढलं!" रीना म्हणाली.

"काढतीनच नं! सकाळी कोंबडीखाली ठेवली अन् साऱ्या रस्त्यानं पोटाशी धरून आनली मी."

रीनाच्या हातातला घास तसाच राहिला. तिने बोटांवर वाटेतल्या उबेचे तास मोजले. दहा. पंचवीस नि दहा पस्तीस, म्हणजे पुस्तकातलंच. मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, हे कोनाले सांगू नको."

"काऊन? चोरी केली काय मी?"

बाजूच्या खोलीत सर अर्ज टंकत बसले होते. मला वाटलं, गप्प राहा गं पोरी, कुणाला कळणार आहे? पण ती उठली, गेली आणि सगळं सांगून आली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग अर्ज थांबवू." एवढंच. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढल्या महिन्यात पंचफुलाबाई पुन्हा आल्या, बर्फ घातलेला डबा घेऊन. साऱ्या रस्त्यात तो शेजारच्या सीटवर ठेवला होता. "पाह्य रीना, अंडी गार आहेत. हात बी नाई लावला," म्हणाल्या आणि डोळे पुसले. त्या पिलांची हृदयं पस्तिसाव्या तासाला सुरू झाली, जगातल्या साऱ्या पिलांसारखी. मग बाईंनी भीत भीत विचारलं, "माह्या उबेनं तुही पुन्याची जागा गेली काय वं?"

रीनाने त्यांचा हात धरला. "तुह्या उबेनंच इथवर आली मी, आई."

तर मंडळी, माझ्या काचेवरच्या चिठ्ठीत रीनाने वयाची जागा कोरी ठेवलेली दिसेल; कोंबडीखालचे नि पदरातले तास नेमके कुणी मोजले होते? त्यात अंदाजाने काही भरू नका. पाहून झालं असेल तर सूक्ष्मदर्शकाचा दिवा तेवढा मालवा, मला निजू द्या.