डागाखालची लाथ

सकाळची भाकरी थापायची वेळ. चुलीपुढं दीपमाला, आणि अंगणात सासू साखराबाई सुपात डाळ पाखडत बसलेली. कंधारच्या बाजाराला निघालेला बजरंग ताटावर येऊन बसला.

"भाकर कुठाय?"

"तव्यावर हाय. पोटात कळ आली म्हून जरा टेकले."

"रोजचंच नाटक! डाक्टर म्हनला ना, काहीच न्हाई?"

म्हणाला होता खरा. दिवाळीत बजरंगनं बायकोला लाथ घातली, तेव्हापासून उभी राहिली की तिच्या बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला लिंबाएवढा फुगवटा यायचा. आडवी झाली की तो आत जायचा. गावच्या डॉक्टरनं तिला निजवूनच तपासलं, मग त्याला काय सापडणार? उभी करावी, खोकायला लावावं, हे त्याला सुचलंच नाही. त्या दिवसापासून दीपमाला घरात ढोंगी ठरली.

बजरंगनं ताट भिरकावलं. ती उठतेय तोच नेमक्या त्याच जागी त्याची टाच बसली. दीपमाला चुलीपुढं मुडपून पडली, हिरवं ओकली. या वेळी गोळा आत गेलाच नाही. दगडासारखा टणक झाला.

साखराबाई धावली, पण ती विळा तापवायला. पोट धरलं की डाग द्यायचा, ही त्या घरची जुनी रीत. तिच्या स्वतःच्या पोटावरही तसलेच वण होते.

"दात आवळ, पोरी. यानं जीव जात न्हाई."

लाल विळा कातडीला टेकला. किंकाळी आळीच्या टोकापर्यंत गेली. दिवस कलताना पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तेव्हा कुठं तिला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं.

डॉक्टर रुद्राणींनी पदर बाजूला केला.

"हर्निया आहे हा. बहुतेकदा तो जांघेत किंवा बेंबीत येतो, हा आडवाटेचा. गोधडीचं वरचं लुगडं शाबूत असावं नि आतलं फाटावं, तसं झालंय. म्हणून पटकन ओळखू येत नाही. कशानं झालं?"

"हंडा उचलला जड," बजरंग म्हणाला. "सांग ना, आये."

"मी आजींना विचारतेय. आजी, मार लागला असेल तर आतडंही फाटलेलं असेल. मग गाठीपुरतं कापून भागणार नाही, सगळं पोट उघडावं लागेल. मुक्या माराचा वळ दिसला असता, पण तुम्ही नेमकं तिथंच जाळलंय. ही तर ग्लानीत आहे. खरं सांगायला तुम्हीच उरलात."

साखराबाईनं सुनेकडं पाहिलं. लेकाच्या टाचेचा वळ तिनंच करपवून झाकला होता.

बजरंग आईच्या कानाशी वाकला. "तोंड उघडलंस तर बघ."

"लाथ घातली यानं," साखराबाई म्हणाली. "माझ्या डोळ्यादेखत. दिवाळीतबी घातली व्हती. आन् डाग मी दिला. उघडा पोट."

बजरंगनं आईच्या कानशिलात हाणली. ती भिंतीवर आदळली, ओठ फुटला. दोघा वॉर्डबॉयनी त्याला आवळून धरलं.

"मायलाच मारून राहिला की रे!" बाहेरच्या बाकावर बसलेली एक बाई ओरडली.

पोट उघडलं, तर आतडं फाटलेलं होतंच, घाणही पसरू लागली होती. ते शिवून रुद्राणी बाहेर आल्या. "जगेल. नुसत्या गाठीवर कापलं असतं, तर गेली असती."

साखराबाई ओठाला पदर लावून उठली.

"बाई, पोलिसाला हेच सांगायचं हाय. कुठं जावं लागंल?"

"पोटचा हाय ना वो तुमचा?" बाकावरची बाई पुटपुटली.

"हाव. म्हून तर मीच सांगनार."