नळाचं पाणी

शाळेच्या कॅन्टीनसाठी थोडे पैसे वाढवून मागितले, की बाबांची टकळी सुरू. "तुझ्या वयाचा असताना मी मधल्या सुट्टीत नळाचं पाणी पिऊन राहायचो. मेलो का?"

काल रात्री जेवताना पुन्हा तेच. आजीने ताट सरकवलं. "पुरे! पाणी तू नाही, हा प्यायचा," ती काकाकडे बोट दाखवत म्हणाली. "याचे पैसे हिसकावून तू दोघांचं एकटा गिळायचास."

मला वाटलं, आता तरी बाबांची मान खाली जाईल. कसली जातेय!

"मग? मेला का तो?" बाबा म्हणाले.

बाबांच्याच गॅरेजात दिवसभर राबणारा काका कसनुसं हसला. "नाही मेलो, दादा," म्हणाला, आणि हातातला दुसरा पाव त्याने गुपचूप परत ठेवला.