अर्धी फेअरलेडी

अंकल खॉ तेक सेंगनी आपल्या कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं की त्यांच्या जुन्या फेअरलेडी गाडीला सिंगापूरचा एक माणूस तीन लाख रिंगिट द्यायला तयार आहे. इथून हे सगळं सुरू झालं. माझे वडील तिथेच बसले होते. कप अर्धा टाकून ते घरी आले आणि चपला काढायच्या आधीच माझ्यावर ओरडले.

"याती! दोन वर्षं जपानात राहून काय शिकलीस तू? आपल्या गाडीचा मूळ मालक शोध. नाव, गाव, सगळं. त्या तेक सेंगच्या गाडीला नुसती किंमत आहे. माझ्या गाडीला इतिहास असला पाहिजे!"

आयाह, म्हणजे माझे वडील मेओर शमसुदीन, मलेशियातल्या ताइपिंगमध्ये टायरचं दुकान चालवतात आणि रागावर जगतात. त्यांची आणि अंकल खॉची दोस्ती माझ्या जन्माआधीची. माझ्या लहानपणी दोघं एकाच बसने कुआलालंपूरजवळच्या सुंगाई बुलोला गेले, चोंग नावाच्या माणसाच्या जुन्या गाड्यांच्या आवारातून एकसारख्या दोन डॅटसन फेअरलेडी घेतल्या, आणि एकमेकांना मागे टाकत घरी आले. आमची पांढरी, त्यांची लाल. तेव्हापासून कुणाची चांगली यावरून भांडण चालूच होतं, पण ते भांडण गोड होतं. ईदला अंकल खॉ आमच्याकडे रेंदांग खायचे आणि जाताना आमच्या गाडीला लाथ मारल्याचं नाटक करून जायचे.

मी इंजिनाजवळच्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबरचा फोटो काढला आणि जपानमधल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या गटात टाकला. बरेच दिवस काहीच आलं नाही. मग याइझू नावाच्या बंदरातून हागिवारा फुसाए या बाईंचं उत्तर आलं. गाडी त्यांच्या वडिलांची होती. त्यांनी बोनेट उघडून काढलेला जुना फोटो पाठवला, त्यात तोच नंबर स्वच्छ दिसत होता. शिवाय मागच्या डिकीचाही एक फोटो होता. वडिलांना मासेमारीचं वेड, म्हणून त्यांनी गळाच्या काठ्या अडकवायला डिकीच्या तळाशी पितळी पकडी जोडून घेतल्या होत्या. बाईंनी लिहिलं होतं, 'त्या पकडी अजून आहेत का? असल्या तर कृपया फोटो पाठवाल?'

आयाह आनंदाने नाचायचेच बाकी होते. "बघ! पितळी पकडी! तेक सेंगच्या तोंडावर मारतो आता!" त्यांनी डिकी उघडून गालिचा उचलला.

तळ साधा होता. पकडी नव्हत्या आणि त्या काढल्याच्या खुणाही नव्हत्या.

"काढून टाकल्या असतील आणि भोकं बुजवली असतील," मी म्हणाले.

आयाहनी सीट काढली, खालचा गालिचा खसकन ओढला. सीटच्या मागून, या दारापासून त्या दारापर्यंत, रंगाच्या थराखाली वेल्डिंगची एक जाड रेघ गेली होती.

त्या काळी अख्खी जुनी गाडी जपानहून आणायची तर परवाना आणि भरमसाट कर. मधोमध कापून आणली की ती सुटे भाग म्हणून सुटायची. हाफकट म्हणायचे तिला. हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आयाहना तर होतंच. त्यांनी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला.

मला मात्र दुसरंच काहीतरी आठवत होतं. तलावाकाठी सहलीला जायचो तेव्हा अंकल खॉ आपल्या डिकीत डबे आणि छत्र्या कशात तरी अडकवायचे. मी बोटं घालून खेळायची त्यात. पिवळ्या, थंड पकडी होत्या. सांगू की नको, असं झालं. शेवटी सांगितलं.

आयाह मला घेऊन तडक कॉफीच्या दुकानात गेले.

"तेक सेंग, तुझ्या गाडीचं ढुंगण माझं आहे!"

अंकल खॉ गल्ल्यावरून उठले. "काय म्हणालास?"

"मागची अर्धी गाडी! ती माझ्या गाडीची आहे. नंबर माझ्याकडे, पकडी तुझ्याकडे. मुकाट्याने परत दे."

"आणि तुझं तोंड माझ्या गाडीचं असेल तर? ते दे तू!"

"माझं तोंड माझंच आहे!"

"ते दिसतंय सगळ्यांना!"

कुणीतरी हसलं आणि मग दोघांच्या रागाला काही धरबंदच उरला नाही. अंकल खॉनी फडकं फेकलं, आयाहनी स्टूल आपटलं. मी मध्ये पडून म्हटलं, "भांडायचंय तर चोंगशी भांडा ना!" दोघं आमच्या पिकअपमध्ये बसले. मध्ये मी. तसेच थेट सुंगाई बुलोला.

आवार कधीच बंद झालं होतं. म्हातारा चोंग मुलीच्या घरी टीव्हीसमोर बसला होता. त्याने दोघांना लगेच ओळखलं.

"आम्हाला फसवलंस!" आयाह दारातूनच ओरडले.

"फसवलं?" चोंगने टीव्हीचा आवाज कमी केला. "मेओर, तू टायर विकतोस. एका टायरच्या भावात कुणी चार नवे दिले, तर तू काय समजशील?"

"सांगायचं होतंस तू," अंकल खॉ म्हणाले.

"विचारलंत कुठे? मी म्हटलं, वाकून खालून बघून घ्या. तुम्ही दोघं म्हणालात, चावी दे. एकाच तोंडाने म्हणालात."

"निदान एकाच गाडीचे दोन तुकडे एकत्र जोडायचेस!" आयाह म्हणाले.

"आवारात अर्ध्या गाड्यांचा ढीग पडलेला असायचा. वेल्डरच्या हाताला जो लागला तो जोडला. चाललीच ना इतकी वर्षं?"

बाहेर पडताना आयाहनी दारातल्या चपलांच्या मांडणीला लाथ घातली. परतीच्या वाटेवर अंकल खॉ म्हणाले, "तुला माहीत होतं, मेओर." आयाह म्हणाले, "तुलाही होतं." आणि गाडी थांबवून त्यांना इपोहच्या बस स्टँडवर उतरवलं.

फुसाएबाईंना मी फोन केला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांनी पहिल्याच वाक्यात पकडींचा फोटो मागितला आणि मी सगळं सांगून टाकलं.

"नजर गेली म्हणून वडिलांना ती विकावी लागली," त्या म्हणाल्या. "दलाल म्हणाला होता, दक्षिणेकडच्या एका गृहस्थांना हवी आहे, ते जपतील. वडील शेवटपर्यंत विचारायचे, तिकडे पाऊस फार, गंजली नसेल ना ती? मी म्हणायची, नाही हो, छान आहे. आणि तिला करवतीने कापलं होतं." मग त्या हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना सांगा, मला राग आला आहे. आमच्यात असं तोंडावर सांगत नाहीत. पण तुम्ही सांगा."

मी सांगितलं. आयाह म्हणाले, "त्यांना सांग, मलाही आलाय."

"कुणाचा?"

ते उठून दुकानात गेले.

कुआलालंपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या जाणकाराने फोटो बघून निकाल दिला. मूळ गाडी पुन्हा जोडली तर मोठी किंमत, नाहीतर दोन्ही गाड्यांना सुट्या भागांचा भाव. दुसऱ्याच दिवशी अंकल खॉ आमची पुढची बाजू विकत घ्यायला चेक घेऊन आले. आयाहनी तो फाडला. मग आयाहनी मागची बाजू मागायला त्यांच्याकडे मध्यस्थ पाठवला, त्याला त्यांनी कॉफीसुद्धा विचारली नाही. पुढचे कितीतरी महिने पांढरी गाडी आच्छादनाखाली उभी राहिली. आयाह तिच्याजवळून जाताना नजर वळवायचे. माकने, माझ्या आईने, एकदा विचारलं, "विकून टाकू या का?" त्यावर ते इतके ओरडले की माक दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली.

मग एका सकाळी दुकानामागे कटरचा आवाज आला. आमचा वेल्डर मुथय्या गाडीखाली आडवा होता आणि आयाह उभे राहून त्याला शिव्या घालत होते. "जुन्या रेघेवरूनच! इंचभर इकडेतिकडे झालास तर तुझा पाय कापेन!"

"आयाह, काय करताय?"

"अर्धी बाई मला घरात नको."

पुढची बाजू लॉरीवर चढवून त्यांनी ती कॉफीच्या दुकानासमोर उतरवली. अंकल खॉ बनियनवर बाहेर आले.

"हे काय आहे?"

"कचरा. ठेव."

"मी भीक मागितली होती तुझ्याकडे? किंमत सांग!"

"किमतीचं नाव काढलंस तर उचलून परत नेईन. आणि जोडून विकलीस ना, तर इथे येऊन पुन्हा कापेन, दुकानासकट!"

"विकायला मी काय चोंग आहे? म्हाताऱ्या, तुझं डोकं फिरलंय! लोक काय म्हणतील, खॉने फुकट घेतलं?"

"म्हणू देत!"

"मला नको म्हणतोय ना!"

"मग रस्त्यात सडू दे!"

रहदारी खोळंबली. बसवाला भोंगा वाजवत होता, त्यालाही दोघांनी एका सुरात शिवी दिली. आयाह लॉरीत बसून निघून आले. घरी आल्यावर त्यांचा चेहरा रडल्यासारखा लाल होता, पण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आठवड्याभरात अंकल खॉच्या गाडीची पुढची बाजू आमच्या दाराशी येऊन पडली. लॉरीवाला म्हणाला, "खॉ म्हणाले, उपकार नको." आयाह त्याच्यामागे धावले, पण तो पळाला. मुथय्याने ती आमच्या उरलेल्या मागच्या बाजूला जोडली. लाल तोंड, पांढरी पाठ. आयाहनी ती रंगवलीच नाही. रागाने तशीच चालवतात.

तिकडची गाडी जुळायला वर्ष लागलं. मी डिकीतल्या पकडींचा आणि नंबरचा एकत्र व्हिडिओ काढून फुसाएबाईंना पाठवला. त्यांनी तो बघितल्याचं दिसलं, उत्तर आलं नाही. आयाह मधूनमधून विचारतात, "काही आलं?" मी नाही म्हणते. "बरोबर आहे त्यांचं," म्हणून ते कामाला लागतात.

परवा ती गाडी पहिल्यांदा आमच्या दुकानावरून गेली. आयाह टायर चढवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला. आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत ते ऐकत राहिले.

"गाढव!" ते ओरडले. "कार्बुरेटर असा लावतात? इंजिन खाऊन टाकेल तो!"

पाना हातात तसाच धरून, गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर सोडून, ते कॉफीच्या दुकानाच्या दिशेने निघाले. वर्ष उलटल्यावर पहिल्यांदाच.