माझ्या चौकटीबाहेरचं दुखणं

मी एक एक्स-रे आहे, कमरेचा. नुसता हातात घेतलात तर काळपट प्लास्टिकचा तुकडा. उजेडासमोर धरलंत तरच मी बोलतो, आणि बोलतो ते खरंच बोलतो. पण विचारलं नाही ते आपणहून सांगायची सोय माझ्यात नाही.

माझा जन्म एका गारठलेल्या खोलीत झाला. माझे मालक कडक टेबलावर आडवे झाले होते. "श्वास रोखा, हलू नका... हं, सोडा," असं कुणीतरी म्हणालं आणि मी जगात आलो. खालच्या दोन मणक्यांमधली गादी झिजलेली माझ्यात स्वच्छ दिसत होती. साठीच्या आसपास ती बऱ्याच जणांची झिजते आणि त्यातल्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. पण मालकांची कंबर दुखत होती आणि मी झिजलेली गादी दाखवत होतो, त्यामुळे आमची जोडी लगेच जमली.

मालकांचं केस कापायचं दुकान आहे. आयुष्य खुर्चीभोवती उभं राहण्यात गेलं. मला घेऊन ते दुकानात आले त्या दिवशी माझी चंगळ झाली. गळ्याभोवती कापड बांधलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने मला ट्यूबलाइटसमोर धरलं. समोरच्या किराणावाल्याने तर उलटा धरून निदान केलं.

"गॅप आलाय, काका. जमिनीवर झोपा."

"जमिनीवर कशाला?" खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं. "चांगली जाड गादी घ्या. माझ्या मेव्हण्याला अगदी हेच होतं."

मालक दोघांनाही "हो हो" म्हणाले. मानेवर वस्तरा फिरत असतानाही माणूस इतक्या अधिकाराने फुकटचा सल्ला देऊ शकतो, याचं मला आजही कौतुक वाटतं.

घरी मला सांभाळलं ते सुनेने. मालकांची बायको पूर्वीच गेली. मुलगा परगावी नोकरीला. त्यामुळे दवाखान्याचं सगळं सुनेच्या गळ्यात, आणि तिने ते मनापासून केलं. ऑफिसातून अर्धी रजा काढायची, सासऱ्यांना स्कूटरवर जपून बसवायचं, खड्डा आला की "बाबा, धरून बसा हं," म्हणायचं. मी वाकू नये म्हणून माझ्या पाकिटाला तिने आतून पुठ्ठा लावला होता. माझी एवढी बडदास्त दुसऱ्या कुणी ठेवली नसती.

डॉक्टरांपुढे बोलायचीही तीच. "बाबांची कंबर दुखते. डावीकडे जास्त. चालताना वाढते." सगळं बरोबर सांगायची. मग डॉक्टर मालकांकडे वळून विचारायचे, "नेमकं कुठे?" की ती पाकिटातून मला काढायची. मी उजेडात चढायचो, सगळ्यांची नजर माझ्यावर खिळायची आणि मालकांचा जीव भांड्यात पडायचा.

कारण एकटे असले की ते काय करायचे, ते मी कपाटावरून पाहत होतो. खाटेच्या कडेला बसून ते डाव्या जांघेत मूठ दाबून धरायचे. कंबर नाही, जांघ.

इलाज मात्र कमरेवर चालले होते. पट्टा झाला. शेक झाला. वजन लावून ताणणं झालं. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "मला गुणच येत नाही," मालक म्हणायचे. सून आणखी मोठा डॉक्टर शोधायची. शेवटी माझ्यापेक्षा महागडे फोटो निघाले. त्यांनीही झिजलेली गादीच दाखवली आणि मणक्याचं ऑपरेशन ठरलं. मालक मुलाला फोनवर म्हणाले, "उभं राहता आलं नाही तर दुकान गेलंच म्हणून समज. बसून केस कापणारा न्हावी कुणी पाहिलाय?"

ऑपरेशनआधीच्या शेवटच्या तपासणीला सून फाइल आणायला खाली गेली होती. डॉक्टरांनी मला लावलं, निरखून पाहिलं आणि मागचा दिवा बंद केला. मला हे नवीन होतं.

"फोटो राहू द्या. एका बोटाने दाखवा, सगळ्यात जास्त कुठे दुखतं?"

मालकांनी आधी दाराकडे पाहिलं. मग बोट ठेवलं ते जांघेत.

"कमरेत नाही?"

"कंबरही दुखते. पण मूळ कळ ही."

"पायात मोजा घालता येतो?"

"मोज्याचं काय घेऊन बसलात, डॉक्टर! जन्मभर लोकांची डोकी केली, पण वर्ष झालं, स्वतःच्या डाव्या पायाची नखं कापता येत नाहीत."

डॉक्टरांनी त्यांना झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाय जरासा आत वळवला. मालक जोरात ओरडले.

"हे खुब्याच्या सांध्याचं दुखणं आहे, ते जांघेतच जाणवतं. इतक्या जणांना दाखवलंत, हे कुणालाच सांगितलं नाहीत?"

"सून असायची ना सोबत. तिच्यादेखत असल्या जागी हात कसा लावू?"

सून दारातच उभी होती, फाइल छातीशी धरून. तिने सगळं ऐकलं. जिन्याशी तिने त्यांचा हात धरला. मग म्हणाली, "बाबा, मी यायचे ते तुम्हाला सोपं जावं म्हणून."

"तेच तर, पोरी. इतकं करतेस, आणि तुझ्यापुढे हे..." तिचे डोळे भरून आले होते. मला दोघांचीही फार दया आली.

मणक्याचं ऑपरेशन रद्द झालं. माझी चौकट कमरेशीच संपते. खुबा माझ्यात कधी नव्हताच. आता त्याचा वेगळा एक्स-रे निघाला आहे, व्यायाम सुरू आहेत. पुढे कदाचित सांधा बदलावा लागेल. कंबरही थोडी दुखतेच. तेवढा वाटा माझा, तो मी नाकारत नाही.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला जरूर दाखवा, पण डॉक्टरांपुढे त्याच्याआड लपू नका. लाज वाटते ती जागाही बोटाने दाखवा.

आज व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे पहिली भेट आहे. नाव पुकारलं तशी सून सवयीने उठली, आणि परत बसली.

"तुम्ही एकटेच जा, बाबा. सगळं सांगा."

मालकांनी माझ्यासाठी हात पुढे केला.

"हा राहू दे माझ्यापाशी," सून म्हणाली.

दार लागलं. मग मालकांचा आवाज आला, आधी अडखळत, नंतर सलग. सून माझ्या पाकिटावर दोन्ही हात ठेवून बसली आहे, आणि आत ते बोलताहेत, बोलताहेत, थांबतच नाहीत.