आशीर्वादाची तालीम

गाथोनीबाईंना सगळं शांत हवं होतं. जनरेटर शांत, वाढपी शांत, जमलं तर नदीतले पाणघोडेही शांत. पुढच्या आठवड्यात त्या नैरोबीहून दमलेल्या, पैसेवाल्या जोडप्यांचा गट आमच्या कॅम्पवर आणणार होत्या. पहाटे योग, दुपारी मौन, संध्याकाळी नदीकाठी डोळे मिटून बसणं. त्याची तयारी बघायला त्या आधीच येऊन ठाकल्या होत्या.

मी कॅम्पची मॅनेजर. त्यांच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. आमच्या स्वयंपाक्याशी, मुस्योकाशी, लग्न करणार असं घरी सांगितलं त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आम्ही गुरं राखणारे मासाई, मुस्योका शेती करणाऱ्या कांबा जमातीचा. "मका शिजवणाऱ्याच्या घरी माझी पोर?" एवढं आईजवळ बोलून ते गप्प झाले ते झालेच. कचेरीत सह्या करून मोकळे होऊ, असं मुस्योका म्हणायचा. पण बापाच्या आशीर्वादाशिवाय नवऱ्याच्या घरात पाऊल टाकायची माझी छाती नव्हती. हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण घेतलं म्हणून काही भीती जात नाही. चादरी मोजायला बसले की मध्येच उठायचे, उगाच फाटकापर्यंत जाऊन यायचे.

त्यात बाईंना शेवटच्या दिवशी मासाई वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद हवा होता. आमच्याकडे थोर माणसं तोंडात दूध घेऊन ते अंगावर फवारतात. ते ऐकून बाईंनी नाक मुरडलं. लोक इथे बरे व्हायला येणार, त्यांच्या अंगावर थुंकायचं म्हणजे काय? शेवटी गवताची मूठ पाण्यात बुडवून शिंपडायचं ठरलं.

मी मुद्दाम बाबांना टाळून पलीकडच्या वस्तीतल्या तिघा म्हाताऱ्यांना निरोप धाडला. पण त्यांच्या वयाच्या गटात बाबा थोरले, आणि थोरल्याच्या आधी कुणी आशीर्वादाला तोंड उघडत नाही. पाहुण्यांपुरता देखावा आहे, त्याला कोण मानपान बघतंय, असं मला वाटलं होतं. तालमीच्या दिवशी दुपारी फाटकातून लाल शुका पांघरलेले चौघे आत आले आणि सर्वांत पुढे बाबा.

मी रीतीप्रमाणे डोकं झुकवून उभी राहिले. तिघांनी माझ्या डोक्याला हात लावला. बाबा माझ्या बाजूने निघून गेले आणि तंबूची दोरी ओढून बघू लागले.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. पाहुण्यांच्या जागी उभं राहायला त्यांना एक जोडपं हवं होतं. त्यांनी मला धरलं आणि स्वयंपाकघरातून मुस्योकाला हाक मारली. तो कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी आला, समोर बाबांना पाहून थबकला.

"पळू का?" त्याने ओठ न हलवता विचारलं.

"उभा राहा गप," मी म्हटलं.

बाबांच्या हातात गवताची मूठ दिली, पुढे पाण्याचं भांडं ठेवलं. ते कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. आता हे माझ्या अंगावर पाणी उडवणार, पाहुण्यांवर उडवतात तसं, आणि आमच्यात कायमचं एवढंच उरणार, असं वाटून मला रडू आलं. मी ते आवरलंही नाही.

बाबांनी भांडं पायाने बाजूला सारलं. खांद्याला अडकवलेला, दूध भरलेला वाळका भोपळा काढून मोठा घोट घेतला आणि माझ्या कपाळावर, छातीवर दूध फवारलं.

"देव एन्काई तुला सांभाळो," ते म्हणाले. "तुझी कूस भरो. तुझ्या दाराशी पाऊस येवो."

"नाई, तसंच होवो," मागचे तिघे एका सुरात म्हणाले.

"अहो, हे असं ठरलं नव्हतं," गाथोनीबाई म्हणाल्या. "आज नुसती तालीम आहे."

"तुमच्या पाहुण्यांना पाणी शिंपडीन," बाबा शांतपणे म्हणाले. "ही माझी मुलगी आहे. तिच्यापुढे मला नाटक येत नाही."

बाई वरमल्या. बाबांनी पुन्हा भोपळा तोंडाला लावला आणि गाल फुगवून मुस्योकासमोर जाऊन उभे राहिले. त्याने डोळे घट्ट मिटले, पिठाचे हात अंगापासून लांब धरले. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मग त्यांनी तोंडातलं दूध सावकाश गिळून टाकलं.

"पोरी," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "याला सांग, आधी बापाला घेऊन माझ्या दारी ये. मुलीसाठी द्यायच्या गाईंचं बोलू. मग बघतो."

मुस्योकाने एक डोळा उघडला. "किती गाई?"

"मी तिला सांगतोय," बाबा म्हणाले.